श्रीपाद चढायचा तर आधी उतरायची तयारी करा

श्रीलंकेतला श्रीपाद, म्हणजे नकाशावर 'अ‍ॅडम्स पीक' म्हणून दिसतो तो डोंगर, समुद्रसपाटीपासून २,२४३ मीटर उंच आहे. आकडा ऐकला की ठाण्यातली मंडळी आधी दचकतात, कारण आपल्या राज्यात सगळ्यात उंच कळसूबाई, आणि तीही १,६४६ मीटरच. पण पायांना कळते ती पायथ्यापासूनची उंची. श्रीपादच्या पायथ्याचं नल्लतन्निया गावच साधारण १,२५० मीटरवर वसलंय. म्हणजे प्रत्यक्ष चढ हजार मीटरचा. बारी गावातून कळसूबाईला जाताना लागतो जवळजवळ तेवढाच. फरक असा, की इथे मातीची वाट सुरुवातीलाच काय ती, पुढे पायऱ्याच पायऱ्या. साडेपाच हजारांच्या आसपास.

घरच्यांना घेऊन जाताना सगळा विचार चढण्याचा होतो. दम लागेल का, बाबांना झेपेल का, मुलं कंटाळतील का. चढताना दम लागला तर माणूस बसतो, चहा पितो, पुन्हा उठतो. खरी अडचण येते सकाळी सात वाजता, सूर्योदय बघून झाल्यावर, जेव्हा त्याच साडेपाच हजार पायऱ्या उतरायच्या असतात, रात्रभर झोप झालेली नसते आणि मांड्या थरथरायला लागतात. गुडघे धरतात, पाय मुरगळतात, अंगठ्याची नखं काळी पडतात, ते सगळं उतरताना. म्हणून तयारी उतरण्याची करायची. चढणं त्यात आपोआप येतं.

कारण समजून घेतलं तर सराव कसा करायचा ते लक्षात येईल. पायरी चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू लांब होत असतो आणि त्याच वेळी अंगाचा सगळा भार रोखूनही धरत असतो. या ओढाताणीत स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. ती लगेच जाणवत नाही. दुखणं एक-दोन दिवसांनी शिगेला पोचतं. मात्र ज्या स्नायूला उतरायची सवय आधी लावलेली असते, त्याला हा त्रास खूप कमी होतो. दोन-चार वेळा जरी नीट उतरण्याचा सराव झाला असेल तरी फरक पडतो.

सरावासाठी घोडबंदर रोडवरच्या, माजिवड्याच्या किंवा खारघरच्या उंच इमारतीत राहणाऱ्यांना घराबाहेरही पडायला नको. एक मजला साधारण तीन मीटरचा. वीस मजले म्हणजे साठ मीटर. बरेच लोक जिना चढतात आणि 'गुडघे वाचवायला' लिफ्टने खाली येतात. श्रीपादसाठी हे उलट आहे. पहिला आठवडा वीस मजले चढा आणि फक्त शेवटचे पाच मजले पायी उतरा, बाकी लिफ्ट. दुसऱ्या आठवड्यात दहा मजले उतरा. चौथ्या आठवड्यापर्यंत पूर्ण वीस मजले उतरता आले पाहिजेत, तेही एकापाठोपाठ तीन फेऱ्यांत. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. एकूण सहा आठवडे हाताशी ठेवा. ज्यांच्या गुडघ्याची झीज झालेली आहे त्यांनी हा सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये, आणि ज्यांना हृदयाचा त्रास किंवा बरेच वर्षांचा रक्तदाब आहे त्यांनी आधी तपासणी करून घ्यावी.

रविवारी मात्र जिन्याबाहेर पडा. इमारतीच्या सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असतात, पाय न बघता पडतो. डोंगरावरच्या तशा नसतात. मुंब्रादेवीच्या पायऱ्या यासाठी फार चांगल्या. नवी मुंबईकरांना खारघरची टेकडी आणि बेलापूरचा पारसिक हिल आहे, ठाणेकरांना येऊर (वनखात्याने मोकळ्या ठेवलेल्या वाटांवरच). आणि निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सगळ्या घराने मिळून एकदा कळसूबाई करावी. ठाण्याहून कसारा घाट, इगतपुरी, घोटीमार्गे बारी. हीच खरी रंगीत तालीम. जो कळसूबाईहून उतरल्यावर दुसऱ्या दिवशी घरातला जिना न कण्हता उतरतो, त्याला श्रीपादची काळजी नको.

जिन्याचा दुसरा उपयोग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. किती वाजता निघायचं हे त्यावरून ठरतं. घरातला जो सगळ्यात हळू चालतो त्याला बरोबर घ्या आणि त्याच्या सोयीच्या वेगाने, बोलता येईल इतपत श्वास ठेवून, वीस मजल्यांच्या तीन फेऱ्या चढा. फक्त चढण्याची वेळ मोजा. समजा प्रत्येक फेरीला पंधरा मिनिटं लागली. म्हणजे ४५ मिनिटांत १८० मीटर, तासाला २४० मीटर. हजार मीटरला चार तास दहा मिनिटं झाली. त्यात चहापाणी आणि बसण्याची पन्नास मिनिटं मिळवा, पाच तास. जानेवारीअखेर तिथे सूर्योदय साधारण सहा पंचविसाला होतो, एप्रिलच्या मध्यात सहाच्या सुमारास. श्रीलंकेचं घड्याळ आपल्याइतकंच, त्यामुळे मिनिटभरही फरक करायचा नाही. जानेवारीत पावणेसहाला वर पोचायचं तर या घराने रात्री पाऊणला निघायचं. तरुण मुलांची टोळी अडीच तासांत वर जाते आणि इंटरनेटवर सगळीकडे 'अडीचला निघा' असं वाचायला मिळतं. तो सल्ला त्यांच्यासाठी ठीक आहे. तो ऐकून सत्तरीच्या आजोबांना घेऊन निघालेलं कुटुंब सूर्योदयाला अर्ध्या वाटेतच असतं.

उलट चूकही होते. जास्तच लवकर निघून साडेतीनला माथ्यावर पोचणारे लोक पुढचे तीन तास वाऱ्यात कुडकुडत बसतात. वरची जागा अगदी लहान, आडोसा मोजका, तापमान पाच-दहा अंशांपर्यंत खाली येतं आणि वारा थांबत नाही. लवकर आलात असं वाटलं तर वरच्या टप्प्यातल्या चहाच्या टपरीवर थांबा. तिथे चूल असते, छप्पर असतं. पहाट फुटायच्या सुमारास शेवटचा तुकडा चढा.

आता हंगाम. यात्रा डिसेंबरच्या पौर्णिमेला, उंदुवप पोयाला, सुरू होते आणि मे महिन्यातल्या वेसाक पौर्णिमेपर्यंत चालते. त्या काळात पायऱ्यांवर दिवे असतात, टपऱ्या रात्रभर उघड्या असतात, वर पूजा चालू असते. बाकीच्या महिन्यांत डोंगर बंद नसतो, पण दिवे नाहीत, टपऱ्या नाहीत, पाऊस, सोसाट्याचा वारा आणि जळवा. मुलांना किंवा वयस्कांना घेऊन तेव्हा जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हंगामातही जानेवारी ते मार्च सगळ्यात कोरडे. नाताळच्या सुट्टीत कधीकधी पाऊस गाठतो. एप्रिलमध्ये दुपारनंतर गडगडाटी सरी येतात, रात्री बहुधा आभाळ मोकळं असतं. १३-१४ एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष असतं, त्या आठवड्यात सगळा देश प्रवासात असतो.

पौर्णिमेचा दिवस मात्र टाळायचाच. 'चांदण्यात चढू' ही कल्पना छान वाटते, पण दर पौर्णिमेला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि यात्रेकरूंची रांग शेवटच्या पायऱ्यांवर तासन्‌तास हलत नाही. अंगात घाम, वर वारा, आणि पुढे-मागे सरकायला जागा नाही. शनिवार-रविवारीही गर्दी असते. मंगळवार, बुधवार, गुरुवारची रात्र धरा.

खोली शोधताना एक गोंधळ होतो. नल्लतन्नियाचं जुनं नाव डलहौसी. ते नाव टाकलं की हिमाचलातलं डलहौसी समोर येतं. त्यामुळे 'नल्लतन्निया' किंवा जवळच्या गावाचं नाव 'मस्केलिया' टाकूनच शोधा आणि नकाशावर जागा पडताळा. आणि खोली दोन रात्रींची घ्या. हा खर्च कुणी वाचवू नये. एकाच रात्रीचं आरक्षण असलं की पहाटे सामान बांधून ठेवावं लागतं, उतरून दहा-अकराला आल्यावर आंघोळीला जागा नसते, आणि तशाच घामट, झोपाळलेल्या अवस्थेत सगळ्यांना गाडीत कोंबून वळणावळणाचा घाट गाठावा लागतो. मुलं तिथेच ओकतात.

जवळचं रेल्वे स्टेशन हॅटन. कँडीहून आगगाडीने अडीच-तीन तास, कोलंबोहून पाचच्या वर. हॅटनहून बस किंवा टॅक्सीने चहाच्या मळ्यांतून आणि धरणांच्या काठाने दीड-दोन तासांत नल्लतन्निया. डोंगरातला हा रेल्वेमार्ग दरडी कोसळून बंदही पडतो, म्हणून तिकीट हातात असलं तरी आदल्या दिवशी चौकशी करा. सहलीचा क्रमही बघा. सिगिरियाच्या खडकावरच्या किल्ल्याला साधारण १,२०० पायऱ्या आहेत. ते श्रीपादच्या आधी उरका. सहलीचा कार्यक्रम कुणा एजंटने आखला असेल आणि त्यात श्रीपादनंतर दोन दिवसांत सिगिरिया असेल, तर तो बदलून घ्या. श्रीपादनंतर नुवारा एलिया, एल्ला, समुद्रकिनारा, अशी बसून बघायची ठिकाणं ठेवा.

बुटांबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण इथे आपल्या हवेचा दोष आहे. ठाण्या-मुंबईत ट्रेकचे बूट वर्ष-दोन वर्षं माळ्यावर किंवा खोक्यात पडून असतात. पावसाळ्याच्या दमटपणाने तळव्यातला फोमसारखा थर आतून विरतो. बाहेरून बूट नवा कोरा दिसतो आणि डोंगरावर तासाभरात तळवा उघडा पडतो. म्हणून बूट काढून दोन्ही हातांनी वाकवून बघा. वरचा भाग आणि तळवा यांच्या सांध्यात बारीक भेगा दिसल्या किंवा पिठासारखा चुरा पडला, तर तो बूट नेऊ नका. नवे घेणार असाल तर संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून मापाला बघा. पुढे अंगठ्याला अर्ध्या बोटाची जागा राहिली पाहिजे. निदान तीन रविवार ते घालून चाला. निघायच्या दोन दिवस आधी नखं कापा. उतरायला लागण्यापूर्वी नाडी सोडून घोट्यापाशी पुन्हा करकचून बांधा, म्हणजे पाय पुढे सरकत नाही आणि अंगठा बुटावर आपटत नाही.

कपड्यांत एकच गोष्ट पाळली तरी पुरे: प्रत्येकाच्या पाठीवर एक कोरडा बनियन किंवा टीशर्ट, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला. चढताना घाम येतोच. सुती कपडा तो धरून ठेवतो, आणि वर वाऱ्यात तोच ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. वर पोचल्याबरोबर, बसायच्या आधी, आडोशाला जाऊन आतला कपडा बदला. मग स्वेटर, कानटोपी, वारा अडवणारं जाकीट. मुलांना हे सांगून कळत नाही, ती 'गरम होतंय' म्हणतात आणि दहा मिनिटांनी दात वाजायला लागतात. त्यांचा कपडा आपण बदलायचा. माथ्यावर देवळाच्या आवारात जोडे काढावे लागतात आणि दगड पहाटे बर्फासारखा गार असतो, म्हणून दर्शनानंतर पाय पुसून घालायला कोरड्या मोज्यांचा एक जोड जास्तीचा ठेवा.

काठी घ्या. प्रत्येकाला एक, गुडघे नाजूक असतील त्यांना दोन. घडीच्या काठ्या विमानात हातसामानात चालत नाहीत, चेक-इनच्या बॅगेत टाका. पॉवर बँकेचं बरोबर उलट, ती हातसामानातच. पायऱ्यांवर दिवे असले तरी डोक्याला बांधायची बॅटरी दोघांमागे एक हवी.

पाणी सुरुवातीला माणशी अर्धा ते पाऊण लिटर पुरतं, पुढे टपऱ्यांवर मिळतं. वर जाल तशी किंमत चढते, आणि ती योग्यच आहे, कारण प्रत्येक बाटली कुणाच्या तरी खांद्यावरून आलेली असते. क्षारांची पुडी संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या लहान चमच्याने. चमचा शीग लावून भरू नका, मीठ जास्त झालं तर अपाय होतो. खायला राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, खजूर. दर पाऊण तासाला दोन घास. या उंचीवर विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही, तो अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो. त्यामुळे कुणाला गरगरलं तर बहुधा ते भूक, झोप किंवा पाणी कमी पडल्याचं असतं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी या रात्रीचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावं, कारण झोपेच्या वेळी पाच तासांचा व्यायाम होणार असतो आणि साखर एकदम खाली येऊ शकते. त्यांच्या खिशात, बॅगेत नाही, साखरेच्या पुड्या हव्यात.

शाकाहारी मंडळींसाठी: टपरीवर डाळीचे वडे, रोटी, चहा, कधी अप्पमसारखे हॉपर्स मिळतात. खोबऱ्याच्या चटणीत, पोळ सांबोळात, बऱ्याचदा 'उंबलकड' म्हणजे सुक्या माशाचा चुरा असतो. दिसत नाही, वासावरूनही पटकन कळत नाही. विचारूनच घ्या.

आता वाट. गावातून निघाल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास सौम्य आहे, आणि चूक इथेच होते: मुलं पळत सुटतात, मोठे त्यांच्या मागे जातात. हा टप्पा मुद्दाम हळू चाला. पुढे पांढरा जपानी शांतिस्तूप लागतो. वरळीला जे जपानी बुद्धमंदिर आहे, त्याच निप्पोनझान म्योहोजी पंथाचा. तिथे पाच मिनिटं बसा आणि खरा निर्णय घ्या. ज्याला इथपर्यंतच थकवा आला आहे त्याने इथून परतायचं. म्हणून निघण्याआधीच ठरवून ठेवा, की परतणारा एकटा परतणार नाही, त्याच्याबरोबर कोण जाणार, खोलीची किल्ली, थोडे पैसे आणि चालू फोन कुणाकडे. हे आधी बोललेलं असलं की परतणाऱ्याला कमीपणा वाटत नाही आणि मागे कुणी चिडत नाही.

त्यानंतर पायऱ्या उभ्या होत जातात. शेवटचा तासभराचा भाग सगळ्यात कठीण. एक पायरी टीचभर उंच, पुढची गुडघ्याला लागेल अशी. कडेला लोखंडी कठडा, धुक्याने ओला आणि इतका थंड की उघड्या तळव्याने धरवत नाही. साधे लोकरीचे हातमोजे इथे कामाला येतात. पंचवीस-तीस पायऱ्या, मग उभ्यानेच दहा श्वास, पुन्हा पंचवीस. प्रत्येक वेळी बसू नका, बसलं की पाय गार पडून आखडतात. पाच वर्षांच्या आतलं मूल आणू नये. दमलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन या पायऱ्या उतरणं धोक्याचं आहे: आपलं पाऊल दिसत नाही आणि तोल वर गेलेला असतो.

माथ्यावर खडकात साधारण १.८ मीटर लांबीचा पावलाच्या आकाराचा ठसा आहे. बौद्धांसाठी तो बुद्धाचा, हिंदूंसाठी शिवाचा, मुसलमान आणि ख्रिस्ती परंपरेत आदमचा. काही ख्रिस्ती तो संत थॉमसचा मानतात. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूताही इथे चढून गेला होता. वर घंटा आहे, आपण जितक्यांदा श्रीपाद चढलो तितकेच टोल द्यायचे. मुलांना हे आधी सांगून ठेवा, पहिल्या खेपेला एकच टोल द्यायचा असतो. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नका, श्रीलंकेत तो अपमान समजतात.

सूर्य वर आला की बहुतेक लोक पूर्वेचे फोटो काढून लगेच निघतात. पश्चिमेच्या बाजूला जा. डोंगराची सावली तिथे खालच्या धुक्यावर नेमक्या त्रिकोणात पडते. डोंगर काही इतका रेखीव नाही. लांबवर गेलेली सावली, रेल्वेचे रूळ दूरवर एकत्र येताना दिसतात तशी टोकाला निमुळती दिसते. सूर्य चढेल तशी ती पायथ्याकडे सरकते. आभाळ स्वच्छ असेल तर वीस-तीस मिनिटं मिळतात.

आणि मग उतार. घाई असेल तर ती इथे सोडा; उतरायला तीन ते चार तास धरा. काठी आधी खालच्या पायरीवर टेकवा, मग पाऊल. गुडघा कधीही ताठ करू नका, जरासा वाकलेला ठेवा, धक्का हाडाऐवजी स्नायू झेलतो. उंच पायरी असेल तिथे अंग आडवं वळवा आणि एका कुशीने उतरा. शंभर पायऱ्यांनी बाजू बदला. पाय थरथरायला लागले की थांबायचं, 'एवढं संपवून बसू' म्हणायचं नाही, कारण पाय मुरगळतो तो त्या पुढच्या दहा-वीस पायऱ्यांतच. आठनंतर ऊन लागायला लागतं, म्हणून टोपी वरच्या खिशात आणि थरांतले कपडे एकेक करून कमी. सगळ्यात हळू चालणारा पुढे, बाकीचे त्याच्या मागे. तो मागे राहिला की पुढच्यांना गाठायला घाई करतो.

खोलीवर आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, पोटभर जेवण, दोन तास झोप. संध्याकाळी झेपेल तसं सपाटीवर पंधरा मिनिटं चाला, नुसतं पडून राहिलात तर पाय जास्त आखडतात. पुढच्या मुक्कामाच्या हॉटेलला आजच फोन करून तळमजल्यावरची खोली मागून ठेवा.